मागच्या भिंतीची पुस्तिका

३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

सोबतचा कागद फेकू नकोस. ते पुस्तक आहे. एकच कागद, तीन घड्या, मधोमध कात्रीचा एक काप, आणि नीट दुमडला की आठ पानं होतात. टाचणी नको, डिंक नको. आयुष्यभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं तपासली, आता एक आपलं काढावं म्हटलं. विषय फार मोठा घेतलेला नाही. आपल्या इमारतीची मागची भिंत, पाण्याची टाकी, आणि दोन्हींच्या मधला तो पट्टा, जिथे तू लग्न होऊन आल्यावर कपडे वाळत घालायचीस आणि वाळायच्या आत विसरून जायचीस. तेवढाच मुलूख.

निवृत्त झाल्यापासून माझ्या डोळ्यांना काम उरलं नव्हतं. वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनाने खुणा करत बसायचे. त्यावरून तुझे मोठे भाऊजी वैतागले. "अगं, छापून झालंय ते! खाली जा, जरा हवा खा." गेले. टाकीच्या गळक्या नळाखाली शेवाळाची गादी आहे, त्यात टाचणीच्या टोकाएवढे उभे देठ येतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मग रोज जायला लागले. पान दोनवर ते शेवाळ आहे. तीनवर पाइपाच्या सांध्यातला नेचा. चारवर साळुंक्या, त्या रिकाम्या मीटरपेटीत राहतात. पाचवर कोळी.

सहावं पान कोरं आहे. तिथल्या झाडाचं नाव मला कळेना. गुडघ्याएवढं, पांढरी चांदणीसारखी फुलं, मध्ये पिवळा ठिपका, फळं मण्यांसारखी, झुबक्यात. चित्र मागच्या बाजूला काढलंय. तू औषधाच्या दुकानात बसतेस, तर तुला पाला ओळखता येत असेल असा माझा अडाणी समज आहे. नसला तर नाही म्हण, पण अंदाजपंचे सांगू नकोस.

आमच्या धाकट्या भाऊजींना सांग की बदली झाली म्हणून भावाला विसरायचं नसतं.

तुझी,
मोठी जाऊ


१६ फेब्रुवारी

प्रिय जाऊबाई,

पुस्तक तीनदा उलगडलं आणि दुमडताना दोनदा चुकले. मग ह्यांनी दुमडून दिलं आणि वर मलाच शिकवलं, जणू काही त्यांचाच शोध आहे.

तुमचं झाड म्हणजे कामोनी. शंभर टक्के. त्यासाठी दुकानात बसायची गरज नाही, आमच्या शाळेच्या कुंपणाला ती भरपूर होती. काळीकुळकुळीत पिकलेली फळं आम्ही मूठमूठ खायचो आणि वर्गात जीभ दाखवून मार खायचो. तुमचं चित्र इतकं हुबेहूब आहे की मला इथे काउंटरवर बसल्या बसल्या ती चव आठवली. समोर एक गृहस्थ खोकल्याचं औषध मागत उभे होते, त्यांना मी म्हटलं, "गोड असते हो." ते घाबरून दुसऱ्या दुकानात गेले.

इथे तसं बरं चाललंय. दुकान मोठं आहे, मालक सरळ आहेत. माणसं येतात, चिठ्ठी पुढे करतात, गोळ्या घेतात, जातात. दिवसभरात मी कितीतरी जणांशी बोलते आणि तरी संध्याकाळी घरी आले की वाटतं आज कुणाशी बोलणंच झालं नाही. तक्रार नाही हो ही. नवीन जागा आहे, व्हायचंच.

मीही एक पुस्तक करून बघू का? पण माझ्याकडे भिंत नाही, टाकी नाही. दुकानाच्या मागे फक्त गाड्या लावायची जागा आहे. तिथे तेलाचे डाग सोडले तर काही उगवत नाही.

तुमची,
धाकटी


९ मार्च

प्रिय धाकटे,

कामोनीबद्दल आभार. सहावं पान भरलं. प्रती काढून जिन्याखाली पत्रपेट्यांवर ठेवल्या होत्या, आठवड्यात उडाल्या. पुन्हा काढल्या. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर वर येऊन म्हणाले की नेच्याला तुम्ही "बिनफुलाचं झाड" म्हटलंय ते बरोबर आहे, पण साळुंकीच्या डोळ्याभोवतीचा पिवळा रंग राहिला. मी म्हटलं, काळ्या-पांढऱ्यात छापलंय, पिवळा कुठून आणू? त्यांनी आपल्या प्रतीत रंगीत पेन्सिलीने भरून आणला आणि मला दाखवून प्रत परत नेली.

आता मागच्या पट्ट्यात माणसं दिसतात. कालपर्यंत तिथे फक्त कचऱ्याच्या बादल्या उभ्या असायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या कंडक्टर बाई तुझ्या वेळी नव्हत्या. बसवर असतात, एकट्याच मुलीला वाढवतात, फटकळ आहेत पण मन साफ आहे. त्यांची मुलगी दुसरीत आहे. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. ती पुस्तक हातात धरून भिंतीपाशी उभी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवते. अनुस्वारांसकट. मला बरं वाटतं, लपवत नाही.

गाड्यांच्या जागेत काही नाही असं तू बसून ठरवलंस की जाऊन पाहिलंस?

मोठी जाऊ


४ एप्रिल

प्रिय जाऊबाई,

जाऊन पाहिलं! आणि तुमच्यापुढे नाक घासते. सोबत पुस्तक पाठवतेय, नाव "दुकानामागचे भाडेकरू".

पहिला मान कुंभारमाशीचा. लांब, काळी, कमरेला दोऱ्याएवढी बारीक. धुतलेल्या गाड्यांखाली जो चिखल होतो त्याच्या गोळ्या करून नेते आणि मिळेल त्या भोकात घर लिंपते. शेजारच्या छायाचित्रकाराची स्कूटर चार दिवस उभी होती. किल्ली आत जाईना. तो किल्लीवाल्याला बोलावणार इतक्यात मी म्हटलं, "थांबा, आत कुणीतरी राहतंय." सगळे हसले. मग टाचणीने माती काढली तर आत खरोखर अळी आणि तिच्यासाठी साठवलेले कोळी! तेव्हापासून तो मला "माशीवाल्या बाई" म्हणतो, पण रोज थांबून बोलतो. त्याच्या बायकोशी ओळख झाली. परवा ती म्हणाली की आमच्या गच्चीवर काहीतरी घरटं आहे, येऊन बघा. गेले. घरटं कबुतराचंच निघालं, पण दोन तास कसे गेले कळलं नाही.

काउंटरवर प्रती ठेवल्यात. मालक म्हणाले, "ठेवा, पण कुणी गोळ्यांचं माहितीपत्रक समजून वाचलं तर जबाबदारी तुमची."

तुम्हीही आता दुसरं पुस्तक काढा ना. रस्त्यापलीकडची बाग घ्या.

धाकटी


२ मे

प्रिय जाऊबाई,

उत्तर नाही, म्हणून पुन्हा लिहितेय. टपालाचा घोळ असेल तर ठीक. माझ्या पुस्तकात इतक्या चुका निघाल्या का, की तपासायला महिना लागावा? शुद्धलेखनाबद्दल हवं तेवढं रागवा. गप्प बसू नका.

धाकटी


९ मे

प्रिय धाकटे,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पुस्तक चांगलं आहे.

मी माझं बंद केलं. त्यात एक चूक राहिली होती. प्रती परत घेतल्या आहेत, बहुतेक सगळ्या. तू तुझ्यात खाण्यापिण्याबद्दल काही लिहिलं असशील तर काढून टाक.

आम्ही दोघं बरे आहोत.

मोठी जाऊ


१४ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहितोय हे पाहून तुला धक्का बसेल. मलाही बसला आहे. दुकानात बसून लिहितोय, गिऱ्हाईक आलं तर मध्येच थांबेन. चष्मे विकणारा माणूस, अक्षरं लोकांना वाचायला देतो, स्वतः क्वचित काढतो.

तुला हिने काय कळवलं ते मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणते, "कळवायचं तेवढं कळवलं." म्हणून वाटलं की काहीच कळवलं नसणार.

एप्रिलच्या सुरुवातीला दुसऱ्या मजल्यावरच्या भिंगरीने टाकीजवळच्या त्या झाडाची फळं खाल्ली. हिरवी. बरीच खाल्ली असावीत. पोटात कळा, उलट्या, मग डोळे विस्फारलेले आणि झोप आल्यासारखी गुंगी. आई बसवर होती, फोन लागेना. हेडमास्तर आणि मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? तर पोरीच्या मुठीत पुस्तक होतं. सहाव्या पानावर हिने लिहिलं होतं: "फळं मुलं आवडीने खातात."

पोरगी वाचली. दोन रात्री ठेवून घेतलं, आता हिंडतेफिरते आहे. ते आधी सांगायला हवं होतं, माझी मांडणी चुकली.

तुझी जाऊ दोन्ही दिवस दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून होती. आत जायची हिंमत नव्हती आणि घरी यायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी कंडक्टर बाई बाहेर आल्या. गणवेश अंगावर तसाच. मला वाटलं, आता तोंड सुटणार. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही इथे बसलात की मला तुमच्याकडे बघावं लागतं. घरी जा." ही उठून आली.

त्यानंतर दारोदार फिरून पुस्तकं परत मागितली. प्रत्येक दारात उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगितलं की सहाव्या पानावर चूक आहे आणि त्यामुळे काय झालं. मी म्हटलं, सूचना लावू जिन्याखाली. "वाचून कोण काय समजतं ते पाहिलं ना," म्हणाली.

आता खाली उतरत नाही. भाजी मी आणतो. वर्तमानपत्रसुद्धा उघडत नाही. लाल पेन मीच मुद्दाम टेबलावर ठेवतो, ते जिथल्या तिथे असतं.

काय करावं ते सुचत नाही म्हणून तुला लिहिलं. मी लिहिलंय हे सांगितलंस तरी चालेल.

तुझे,
मोठे भाऊजी


२१ मे

प्रिय जाऊबाई,

मोठ्या भाऊजींनी सगळं कळवलं. त्यांच्यावर चिडू नका.

ते वाक्य माझं आहे. मूठमूठ खायचो, गोड असते, सगळं मीच लिहिलं. औषधाच्या दुकानात बसते मी! दिवसाला पन्नास वेळा "मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका" म्हणते आणि तुम्हाला मात्र शाळेतल्या गमती कळवल्या. कच्ची फळं विषारी असतात हे मला माहीत होतं. लिहायला सुचलं नाही. ज्याला माहीत असतं त्याला ते लिहावंसं वाटत नाही.

माझं ऐका. कंडक्टर बाईंना सांगा की माहिती तुमच्या जावेने दिली, ती औषधवाली आहे, म्हणून तुम्ही विश्वास ठेवला. हेडमास्तरांनाही सांगा. सगळं माझ्यावर ढकला. मी लांब आहे, मला त्या जिन्यातून चढायचं-उतरायचं नाही. तुम्हाला रोज त्यांच्यात राहायचंय. शिवाय ते खोटंही नाही.

तुमचीच,
धाकटी


३० मे

प्रिय धाकटे,

तुझं १६ फेब्रुवारीचं पत्र माझ्यापुढे आहे. तू "काळीकुळकुळीत पिकलेली फळं" असं लिहिलं होतंस. ते मी वाचलं होतं. पान तळहाताएवढं, आणि ओळ घडीवर जात होती. घडीवर अक्षर आलं की झेरॉक्समध्ये फाटल्यासारखं दिसतं. म्हणून मी दोन शब्द काढले. मजकूर बसावा म्हणून शब्द काढणं हे मी छापखान्यात हजारदा केलंय, आणि अर्थ बदलत नाही ना ते दर वेळी पुन्हा वाचून पाहिलंय. या वेळी ओळ छान बसली म्हणून खूश झाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

तेव्हा ढकलाढकलीचा विषय बंद. तू लांब आहेस म्हणून तुझ्या डोक्यावर ठेवायचं, मग मी कुठे राहू?

बाकी बातमी अशी. इमारतीच्या सभेत ठरलं की मागच्या पट्ट्यावर तणनाशक मारायचं. मला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होते? फवारणीवाला आला, पाठीवर टाकी, तोंडाला फडकं. आठवड्यात सगळं वाळून तपकिरी झालं. कामोनी गेली, तिच्याबरोबर ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं तेही गेलं. शेवाळ, नेचा. मी खिडकीतून पाहते. हेडमास्तर एकदा तिथे जाऊन उभे राहिले आणि परत आले.

पुस्तक लिहिलं नसतं तर पोरगी आजारी पडली नसती आणि ती झाडंही राहिली असती. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. हिशेब सरळ आहे, एवढंच.

मोठी जाऊ


१२ जून

प्रिय जाऊबाई,

तुम्हाला न सांगता मीही काउंटरवरून माझं पुस्तक उचललं होतं. भाऊजींचं पत्र आलं त्याच दिवशी. माझ्यात खाण्याचं काहीच नव्हतं, तरी उचललं. भीती वाटली.

काल छायाचित्रकाराची बायको विचारत आली. मी म्हटलं, चुका असतील त्यात. ती म्हणाली, "मग दुरुस्त करा ना, मी थांबते." आणि खरंच स्टूल ओढून बसली. गिऱ्हाइकं येत होती, तिला हलायचं नाव नाही. शेवटी मी कागद बाहेर काढले आणि आम्ही दोघींनी एकेक ओळ वाचली. "ही माशी चावत नाही," असं मी लिहिलं होतं. ती म्हणाली, "तुम्हाला चावली नाही, एवढंच ना?" ते वाक्य बदललं.

माझा हिशेब तुमच्याइतका सरळ येत नाही. मला इथे ओळखणारी दोन माणसं आहेत, ती त्या कागदामुळे. हेही त्यात कुठेतरी धरा.

कंडक्टर बाईंशी पुन्हा बोललात का? दारात उभं राहून चूक सांगणं वेगळं. बोललात का?

धाकटी


६ जुलै

प्रिय धाकटे,

मी बोलले नाही. त्याच आल्या.

दार उघडलं तर कंडक्टर बाई, खांद्याला तिकिटांची पिशवी, सकाळच्या ड्यूटीवर निघालेल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "तुमच्यामुळे माझी मुलगी कशाला हात लावत नाही. बागेत नेली तर मधोमध सिमेंटवर उभी राहते. ताटातली पालेभाजी बघून विचारते, हे विषारी आहे का? मी म्हणते, नाही बाई. तर म्हणते, तुला काय माहीत? शाळेच्या वाटेवर गवत आहे म्हणून रस्त्याच्या मधून चालते. कालच एका गाडीने ब्रेक मारला."

मी म्हटलं, "मी काय करू?"

"ते मला विचारू नका. तुम्ही लिहिलंत, तिने विश्वास ठेवला. आता तिचा माझ्यावरही नाही. दुपारी शाळेतून येते. मी गॅलरीत असेन."

भीती मलाही कमी नव्हती. दुपारी खाली उतरले तर पाय मोजून टाकत होते. भिंगरी मागच्या पट्ट्याच्या कडेला फरशीवर उभी होती, हात पाठीमागे बांधून. तिच्याशी काय बोलायचं ते मी जिन्यात ठरवलं होतं, समोर आल्यावर ते सगळं बाजूला ठेवलं. मग मी सरळ म्हटलं, "मी चुकीचं लिहिलं होतं."

"माहितेय," ती म्हणाली. मग वाळलेल्या पट्ट्यात आलेल्या एका नव्या कोंबाकडे हनुवटी करून म्हणाली, "हे काय आहे?"

"माहीत नाही."

"आणि ते?"

"तेही माहीत नाही."

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मोठ्या माणसाने दोनदा नाही म्हणावं हे तिला नवीन असावं. मग तिला चेव चढला. हे काय, ते काय, भिंतीवरचा तो डाग काय. मला जे पक्कं ठाऊक होतं तेवढंच सांगितलं, बाकी सगळ्याला नाही म्हटलं. नाहीच जास्त झाले. ती हसायला लागली. "तुम्हाला काहीच येत नाही!" मी म्हटलं, "म्हणून तर खाऊन नाही बघायचं, नुसतं बघायचं." त्यावर ती कोंबापाशी उकिडवी बसली. हात अजून पाठीमागेच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. आता आम्ही कागद घेऊन जातो. छापायचा नाही, तिच्यापुरता. डावीकडच्या पानांवर "माहीत आहे", उजवीकडच्यांवर "माहीत नाही". उजवीकडची भरली की ती दुसरा कागद दुमडते, मला दुमडू देत नाही. हेडमास्तरांनी एका पानावर परस्पर नाव लिहून दिलं, तर तिने त्यांना विचारलं, "नक्की? कुणाला विचारलंत?" ते घरात जाऊन ग्रंथ उघडून बसले, अजून बाहेर आलेले नाहीत.

परवा टाकीच्या ओलीला एक गोगलगाय निघाली. मी ती माझ्या तळहातावर घेतली. भिंगरी दोन पावलं मागे सरकली. गोगलगायीला कसली घाई, ती माझ्या मनगटाकडे निघाली. "चावते?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मला अजून तरी नाही." ती आणखी थोडा वेळ पाहत राहिली. मग पाठीमागून एक हात पुढे आला आणि माझ्या हाताला लागून तिने आपला हात सपाट धरला. गोगलगाय शिंगं आत-बाहेर करत सावकाश पलीकडे गेली. पोरीने श्वास रोखून धरला होता. मीही.

वर पाहिलं तर कंडक्टर बाई गॅलरीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मला वाटलं, आता ओरडतील. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "झालं असेल तर ठेवा तिला खाली आणि वर या. चहा ठेवतेय. आत यायच्या आधी दोघींनी हात धुवा, साबणाने."

दोघींनी, म्हणाल्या. मी धुतले, अगदी कोपरापर्यंत.

तुझी,
मोठी जाऊ